नाकारलेल्या विचारांची यादी

हे ब्लॉगवर टाकायचं नाही. तिथे ताई वाचते. म्हणून ग्रंथालयातल्या एका जुन्या नोंदवहीची मागची कोरी पानं घेतली आहेत. कराडच्या एका कॉलेजात मी ग्रंथपाल आहे, त्यामुळे निदान वह्यांना तोटा नाही.

माझ्या ब्लॉगचं नाव ‘उरलंसुरलं’. उरलेल्या अन्नाचं काय करायचं, एवढाच त्याचा विषय. शिळ्या चपातीचा कुस्करा, कालच्या आमटीतली वरणफळं, लग्नघरातून पिशवी भरून आलेल्या बुंदीचं पुढे काय, असं दर गुरुवारी एक. अकरा वर्षांत एकही गुरुवार चुकला नव्हता. हात मोडला होता तेव्हाही मी डाव्या हाताने फोडणीच्या भातावर लिहिलं होतं. आणि २०४३ च्या ऑगस्टमध्ये लागोपाठ तीन गुरुवार कोरे गेले.

खरं तर उरलेल्याचं काय करावं हे सांगायला आता फ्रिजच पुरेसा आहे. दार उघडलं की आत काय आहे ते बघतो आणि चार पाककृती म्हणून दाखवतो. माझे वाचक येतात ते पाककृतीच्या आगेमागे मी जे काही बोलते त्यासाठी, आणि नेमकं तेच आटलं होतं. बुधवारी संध्याकाळी मी लॅपटॉप उघडून बसायची, तीन ओळी लिहायची आणि हे आपण आधी लिहिलंय हे लक्षात आलं की पुसून टाकायची. फोडणीची चपाती चार वेळा झाली होती.

आपल्याला सुचत नाही म्हटलं की बाकीच्यांना सल्ले मात्र भराभर सुचतात. फिरायला जा, जुन्या प्रतिक्रिया वाच, डायरी ठेव, दुसऱ्याच कशावर तरी लिही. मी सगळं केलं. वाचकांनाच विषय विचारले तर बासष्ट उत्तरं आली, त्यांतली चाळीस उरलेल्या भाताबद्दल होती. ताई म्हणाली, महिनाभर सुट्टी घे. पण मी एक्कावन्न वर्षांची, एकटी, तीन वर्षांच्या संसारानंतर घटस्फोट घेतलेली बाई आहे. गुरुवारचा ब्लॉग सोडला तर माझी म्हणावी अशी दुसरी गोष्ट माझ्याकडे नव्हती. तो बंद पडला तर मी कोण, हा प्रश्न मला खरोखर घाबरवत होता.

तेवढ्यात कॉलेजच्या मानसशास्त्र विभागात पुण्याच्या एका कंपनीची चाचणी सुरू झाली. नेहमी लिहिणारी आणि सध्या अडकलेली पंधरा माणसं त्यांना हवी होती. मी दुसऱ्याच दिवशी नाव दिलं.

त्या यंत्राचं नाव ‘मागोवा’. दिसायला ते कपाळावरून कानामागे जाणाऱ्या पातळ पट्टीसारखं आहे, म्हणून घरात आम्ही त्याला पट्टीच म्हणायचो. त्यामागचं शास्त्र मला विभागात दोनदा समजावलं गेलं. मला समजलं ते असं.

माणूस काही विशेष करत नसतो, चपात्या लाटत असतो किंवा बसची वाट बघत असतो, तेव्हा मेंदू गप्प बसत नाही. तो एकामागून एक विचारांचे तुकडे पुढे ढकलत राहतो, मिनिटाला वीस-पंचवीस. कपाळामागे मेंदूचा एक भाग द्वारपालासारखा बसलेला असतो. तो प्रत्येक तुकडा तपासतो आणि बहुतेक सगळे परत पाठवतो. हे जुनं आहे, हे निरर्थक आहे, हे लाजिरवाणं आहे, हे आत्ता नको. परत पाठवलेला तुकडा आपल्याला कळतच नाही. पण पाठवताना मेंदूत एक खूण उमटते, सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी, आणि जितक्या जोराने नाकारावं तितकी ती ठळक असते. सात-आठ वर्षांपूर्वी संशोधकांना असं आढळलं की ज्यांना काहीच सुचत नाही त्यांच्या डोक्यात तुकडे कमी नसतात, उलट जास्त असतात. दुष्काळ नसतोच. द्वारपाल फार कडक झालेला असतो.

पट्टी त्या खुणा टिपते. नुसत्या खुणांचं वाक्य होत नाही, म्हणून सुरुवातीला ती तुमचं आजवरचं सगळं लेखन वाचते आणि पहिले तीन आठवडे तुमचं डोकं शिकते. मग नाकारलेला तुकडा तुमच्याच भाषेत लिहून दाखवते. रोज संध्याकाळी दहा वाक्यांची यादी येते, प्रत्येकापुढे नाकारण्याचा जोर, शंभरपैकी. जोर जितका जास्त तितका विषय चांगला, असं त्यांच्या माहितीपत्रकात होतं. मला ते पटलं. जे लिहायला आपण बिचकतो तेच वाचायला लोक येतात, हे अकरा वर्षांत मीही पाहिलं होतं.

एक गोष्ट माहितीपत्रकात नव्हती आणि मलाही सुचली नाही. नाकारलेला विचार आपल्याला कळलेलाच नसतो, त्यामुळे समोर आला तरी तो ओळखता येत नाही. यादी जे सांगेल ते आपलंच, असं मानण्यावाचून दुसरा मार्ग नसतो.

पट्टी मी सकाळी सात ते नऊ घालायची, स्वयंपाक करताना. दहाला कॉलेजला निघताना ती फ्रिजशेजारच्या चार्जरवर ठेवायची. मागे घरात ताई असायची.

आता ताईबद्दल सांगायला हवं. सुवर्णा तिचं नाव, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी. छत्तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होती. सहा वर्षांपूर्वी दाजी गेले, मूलबाळ नाही, तेव्हा मीच तिला घेऊन आले आणि मागची खोली तिला दिली. पहाटे पाचला उठून चहा ठेवणं, माझे कपडे घड्या घालून कपाटात लावणं, संध्याकाळी माझी चाहूल लागली की बेल वाजायच्या आत दार उघडणं, हे सगळं तिने आल्या दिवसापासून अंगावर घेतलं होतं. माझ्या वाटचं करणं हा तिचा जुना स्वभाव. बारावीत मला टायफॉइड झाला तेव्हा मार्गशीर्षातले गुरुवार तिने माझ्या वतीने केले. माझं लग्न मोडत होतं तेव्हा सोळा सोमवार केले, तेही माझ्या वतीने. लग्न मोडलंच. त्यावर ती म्हणाली होती की उपास नसते केले तर यापेक्षा वाईट झालं असतं. मी देवाधर्माच्या वाटेला जात नाही, पण प्रसाद मात्र दर वेळी खाल्ला.

चौथ्या आठवड्यात याद्या येऊ लागल्या. कॉलेजच्या कँटीनमधला सांबार मंगळवारी जास्त चांगला का लागतो. पाहुण्यांनी ताटात टाकलेलं बघून त्यांच्याबद्दल आपलं मत बदलतं. आणि तिसऱ्या दिवशी सगळ्यांत वर, जोर ८७: ‘आईची आमटी खरं तर अळणीच असायची.’

हे वाक्य वाचून मी पाच मिनिटं हसले. मग लिहायला बसले आणि दोन तासांत लेख झाला. आईच्या हातच्या चवीचं आपण जे कौतुक करतो त्यातलं किती खरं, आणि ती आमटी उरायची तेव्हा आम्ही दोघी बहिणी गुपचूप तिच्यात मीठ कसं घालायचो. तीनशे चौदा प्रतिक्रिया आल्या. एका निवृत्त शिक्षकांनी लिहिलं की चाळीस वर्षांत हे त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं. ताईने नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या आधी लिहिलं होतं, ‘अगदी खरं.’

पुढचे तीन गुरुवारही असेच गेले. विषय सापडत होते, हात चालत होता, मी घरात गाणी म्हणत फिरायला लागले. ताई खूश दिसायची. तुला सुचायला लागलं ना, असं रोज विचारायची.

मग ऑक्टोबरमध्ये एका संध्याकाळी यादीच्या माथ्यावर हे आलं: ‘मागची खोली रिकामी व्हायला हवी. जोर ९१.’

मी यादी बंद केली. आत ताई कपडे वाळत घालत होती, तिचा रेडिओ चालू होता. दुसऱ्या दिवशी तेच वाक्य, जोर ९३. तिसऱ्या दिवशी ९३. इतका जोर तोवर कुठल्याच वाक्याला आला नव्हता.

मला लाज वाटली. आपण इतक्या खालच्या पातळीच्या आहोत आणि आपल्याला त्याचा पत्ताही नव्हता, असं वाटलं. मी ताईशी जास्त गोड वागायला लागले. तिला आवडते म्हणून बासुंदी आणली, तिच्या पायाला तेल लावून दिलं. तिने एकदा माझ्याकडे संशयाने बघितलं आणि तब्येत बरी आहे ना, असं विचारलं. त्याच वेळी मी पुरावेही गोळा करत होते. पाचला वाजणाऱ्या भांड्यांनी माझी झोप मोडते, तेव्हा मला राग येतो का? येतो. माझे कपडे ती तिच्या पद्धतीने लावते, ते मला आवडतं का? नाही आवडत. पुरावे शोधायला लागलं की सापडतातच. आठवडाभरात माझी खात्री पटली की ताई इथून जावी असं मला वाटतं, आणि कधीपासूनच वाटत असणार.

हे तिच्यासमोर बसून बोलायची माझी हिंमत नव्हती. मग मी तेच केलं जे अकरा वर्षं करत आले होते. बुधवारी बसले आणि लिहिलं. लेखाचं नाव ‘मागची खोली’. आपल्यासाठी सहा वर्षं राबणाऱ्या माणसाबद्दल आपल्याच डोक्यात असा विचार निघतो, त्याची लाज वाटते, पण निघालाय हे खरं आहे आणि खरं लपवून मला पुढे गोड वागायचं नाही, असं सगळं त्यात होतं. शेवटी मी तिची माफी मागितली होती. माझा हिशेब असा की ताई दोन दिवस फुगून बसेल, तिसऱ्या दिवशी मला चार शब्द ऐकवेल आणि मग आम्ही चहा घेऊ. लेख फार चांगला झाला होता हेही इथे लिहून टाकते. तो न छापणं मला जमलं नाही.

नऊशेच्या वर प्रतिक्रिया आल्या. पहिल्यांदाच त्यांत ताईची नव्हती.

ती फुगून बसली नाही. त्या दिवशी थोडी गप्प होती, दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी. रविवारी भाजी निवडताना तिने सांगितलं की वाईजवळ निवृत्त नर्सेसनी मिळून एक घर बांधलंय, तिच्या जुन्या वॉर्डातल्या दोघी तिथे राहतात आणि एक खोली रिकामी आहे. तिने फोन केला होता. पुढच्या सोमवारी जायचं ठरलं होतं.

मी विचारलं, जायलाच हवं का?

“तू लिहिलंस की,” ताई म्हणाली. आवाजात राग नव्हता. “लिहिलंस ते बरं केलंस. बोलली नसतीस तू कधी.”

नऊशे माणसांसमोर छापून झालेलं वाक्य स्वयंपाकघरात बसून मागे कसं घेणार? सोमवारी तिच्या दोन बॅगा आणि रेडिओ भाड्याच्या गाडीत ठेवून मी तिला वाईला सोडून आले. जाताना ती रस्ताभर मला कुठला डबा कुठे आहे ते सांगत होती.

त्यानंतर यादीतून खोलीचं वाक्य नाहीसं झालं. मला वाटलं, इच्छा पूर्ण झाली, आता ते कशाला येईल. पण बाकीची यादीही ओस पडली. पूर्वी ऐंशी-नव्वदचा जोर असायचा, आता चाळीसच्या वर काही जाईना. विषय म्हणजे कँटीनचा सांबार आणि ग्रंथालयातला पंखा. दोन गुरुवार मी कसेबसे ढकलले आणि कंपनीकडे तक्रार केली की तुमचं यंत्र बिघडलंय.

आठवड्याने फोन आला. फरहीन शेख नावाची मुलगी, चाचणीची सगळी माहिती तपासायचं काम तिच्याकडे होतं. यंत्र ठीक आहे म्हणाली. मग तिने विचारलं, “मॅडम, तुमच्या घरात ही पट्टी अजून कोणी घालत होतं का?”

मी नाही म्हणाले.

“रोज सकाळी सात ते नऊ एक डोकं आहे, आणि सव्वाअकरा ते सव्वा एक दुसरं. अगदी पहिल्या आठवड्यापासून. नोव्हेंबरमध्ये दुसरं बंद झालं.”

सव्वाअकराला मी ग्रंथालयात असते.

फरहीन बिचारी समजावून सांगत होती. पट्टी डोकं शिकत होती त्याच काळात दोन्ही डोकी तिच्यासमोर आली, म्हणून तिने ती एकच समजून शिकली. वाक्यं माझ्या लेखनावरून बनत होती, त्यामुळे विचार कुणाचाही असला तरी भाषा माझीच यायची. एकाची पट्टी दुसरं कोणी रोज नेमाने दोन-दोन तास घालून बसेल, हे कंपनीत कुणी गृहीतच धरलं नव्हतं. कशासाठी घालेल कोणी, असं ती मलाच विचारत होती.

मला कशासाठी ते त्याच क्षणी कळलं होतं. मला सुचत नव्हतं आणि मी दिवसभर कामावर असायची. म्हणून ताई माझ्या वतीने बसत होती. एकाच्या ईसीजीचा कागद दुसऱ्याच्या फाइलला लागू नये म्हणून छत्तीस वर्षं डोळ्यांत तेल घालून काम केलेली बाई ती. पण ते दवाखान्याचं झालं. घरातलं तिचं शास्त्र वेगळं होतं: करणारा कुणीही असो, फळ ज्याच्या नावाने केलं त्याला मिळतं.

दोन्ही डोक्यांची माहिती आता वेगळी करता येते, फरहीन म्हणाली. दुसऱ्या व्यक्तीची यादी तिच्या परवानगीशिवाय मिळणार नाही, पण माझी मला पाठवते. त्याच दिवशी आली. मी ती ग्रंथालयाच्या प्रिंटरवर छापून घेतली, कारण पडद्यावर वाचताना अक्षरं हलत होती.

आईच्या आमटीचं वाक्य त्यात नव्हतं. माझ्या चार गाजलेल्या लेखांपैकी तीन त्यात नव्हते. आणि मागची खोली कुठेही नव्हती, पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत, वर नाही की खाली नाही. माझी सगळ्यांत जोरात नाकारलेली गोष्ट होती: ‘ताई गेली तर संध्याकाळी दार कोण उघडणार. जोर ४४.’ सप्टेंबरपासून ताई वाईला जाईपर्यंत ती जवळजवळ रोज येत होती. ताईचे विचार इतक्या जोराने नाकारलेले असायचे की त्यांच्यापुढे ती पहिल्या दहांत कधी आलीच नाही.

मी दुपारची रजा टाकली आणि साताऱ्याची बस पकडली. साताऱ्याहून वाई. वाटेत मी मनाशी एकच गोष्ट घोळवत होते. ताई स्वतःला माझ्यावरचं ओझं समजत होती. आपण ही खोली मोकळी करायला हवी, असं तिला आत कुठेतरी रोज वाटत होतं आणि रोज ती ते दाबत होती. आणि मी तिचंच ते दुखणं उचलून माझ्या नावाने छापलं, नऊशे लोकांकडून वाहवा घेतली आणि तिला घराबाहेर काढलं. आता कागद दाखवायचा, माफी मागायची आणि बॅगा भरायच्या. पाचच्या बसने दोघींनी परत यायचं. मला रडायला येत होतं आणि बरंही वाटत होतं, कारण मी वाईट नव्हते आणि त्याचा कागद माझ्या पर्समध्ये होता.

नर्सेसचं घर गावाबाहेर, उसाच्या शेतांच्या कडेला आहे. सात खोल्या, पुढे पडवी. पडवीत चार बायका पत्ते खेळत होत्या, त्यांतली एक ताई होती. तिने केस कापले होते. मला बघून ती उठली, पत्ते शेजारणीकडे देऊन ‘बघू नकोस हं’ असं तिला बजावलं आणि मला तिच्या खोलीत घेऊन गेली.

खोलीत एक पलंग, एक टेबल, खिडकीत रेडिओ. चहा दुसऱ्याच कोणीतरी आणून दिला. ताई बसून प्याली, हे मला चमत्कारिक वाटलं. ती सांगत होती आणि मी ऐकत होते. मंगळवारी गावातल्या बायकांचं ब्लडप्रेशर तपासतात. शनिवारी बाजार. स्वयंपाकाच्या पाळ्या आहेत, तिची पाळी आठवड्यातून एकदाच येते. सकाळी सात वाजता उठते.

मी म्हणाले, सात? तुला तर पाचला उठायला आवडायचं.

“मलाही तसंच वाटायचं,” ती म्हणाली.

मी पर्सची चेन उघडली. कागद वरच होता. तेवढ्यात तिने विचारलं की आता तुला सुचतं का. मग थोडी ओशाळून तिने सांगून टाकलं की मी गेल्यावर ती रोज दोन तास पट्टी घालून बसायची, देवापुढे बसावं तशी. आता इथून ते करता येत नाही, एवढंच मनाला लागतं. त्या दोन तासांचा आणि माझ्या लेखाचा आणखी काही संबंध असेल, हे तिच्या गावीही नव्हतं.

“तुझा तो लेख वाचला ना,” ती पुढे म्हणाली, “तेव्हा एक दिवस फार वाईट वाटलं. दवाखान्यात सुद्धा कोणी असं बोललं नव्हतं मला. आणि दुसऱ्या दिवशी उठले तर एकदम हलकं वाटलं. मला कळेना, असं का. इथं आल्यावर कळलं. केतू, मला कुणाचं काही करायचंच नव्हतं गं. लग्नाआधी आई, मग दवाखाना, मग हे, मग तू. मला एक खोली हवी होती आणि तिच्यात मी कुणाचीच नको होते. हे मला साठ वर्षं माहीत नव्हतं. तुला मी नको आहे म्हटल्यावर सुटल्यासारखी निघाले. तू एकटी पडशील असं वाटलं असतं, तर मी हलले नसते तिथून.”

मी कागदाला हात लावून बसले होते. वाटभर मी त्या वाक्याचा जो अर्थ लावला होता तो पूर्ण चुकीचा होता. ती ओझं नव्हती. मी होते.

ताईने कप खाली ठेवला आणि माझ्याकडे नीट बघितलं. नर्स पेशंटकडे बघते तसं.

“एक विचारते, खरं सांग. ते तुला खरंच वाटत होतं ना? का ब्लॉगसाठी म्हणून लिहिलंस? नुसतं लिहिण्यापुरतं असेल तर तसं सांग. मी आज तुझ्याबरोबर येते, बॅग भरायला दहा मिनिटं लागतील.”

ती आली असती. तिची खोली, तिचे पत्ते, तिची सातची सकाळ, सगळं दहा मिनिटांत आवरून ती माझ्यामागे बसमध्ये चढली असती आणि पुन्हा पहाटे पाचला उठली असती. त्याबद्दल तिने एकदाही तोंडातून शब्द काढला नसता, कारण आपली वेगळी खोली हवी हा विचार तिला कळायच्या आत परत पाठवला गेला असता. मला ती हवी होती. मी कागद आत सारला आणि पर्सची चेन लावली.

“खरंच वाटत होतं,” मी म्हटलं.

तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकलं. लागलं असणार, न लागायला ती काही दगड नाही. मग तिने मान हलवली.

“बरं झालं सांगितलंस. तू खोटं लिहिणारी नाहीस, हे मला माहीतच होतं.” मग ती म्हणाली, “आता कधी मला परत बोलवू नकोस हं. दुखणंबिखणं आलं तरी नको. मी येईन लगेच, माझा मला भरवसा नाही.”

“नाही बोलवणार,” मी म्हटलं.

ती मला फाटकापर्यंत सोडायला आली. कशी आहेस, किती वाळलीस, गुरुवारी कशावर लिहिणार, असं विचारत होती. मी म्हटलं, अजून काही सुचलं नाही. पडवीतून तिला हाका मारत होत्या, डाव अडला होता. बस वळणावर दिसायच्या आतच ती माझ्या पाठीवर थोपटून परत गेली.